उशिरा आलेली उत्तरं

आमच्याकडे दार कुणी ठोठावत नाही.
पायरीवर बुटांचा बर्फ झटकतात, दोनदा,
तीच वर्दी. मग सरळ आत, किटलीपाशी.
ठोठावतो तो डेन्मार्कहून नवा आलेला डॉक्टर,
नाहीतर पोलीस.

उपर्नाविक म्हणजे वसंताची जागा.
डिसेंबरात हे सांगताना आमचं आम्हालाच हसू येतं.

रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी
उशीखाली फोन थरथरला :
पोर्ट स्कॅन. एकच पत्ता. दहा सेकंदांत
एकेचाळीस दारं चाचपून गेला.
फायरवॉलनं त्याच्या तोंडावर कडी घातली
आणि मला कळवलं, शाबासकी मागितल्यासारखं.
मी दिलीही. कूस बदलली.

चार वाजता दवाखान्यातून आर्नान्ग्वाक :
"अगं, मशीन कुणालाच ओळखेना.
रक्ताचे रिपोर्ट जात नाहीत, नूक सापडत नाही,
हवामानसुद्धा नाही. आणि बाहेर तर हे असं."
बाहेर हे असं म्हणजे
वारा घराला कानशिलात मारत होता.

बॉयलरच्या खोलीत, टोपी न काढता,
मी नोंदी वाचत बसले.
तोच पत्ता. ओळखीचा निघाला.
ज्याच्याकडे आम्ही दिवसभर नावं विचारतो,
या नावाचं घर कुठे, त्या नावाचं कुठे,
तोच बिचारा.
प्रत्येक प्रश्न आम्ही वेगळ्या दारातून पाठवतो
आणि उत्तर त्याच दारी यावं अशी अपेक्षा.
वादळात डिशवर रांग लागली होती.
उत्तरं आली, पण अकराव्या, बाराव्या, चौदाव्या सेकंदाला.
आणि आमच्या फायरवॉलला
दहा सेकंदांपलीकडचं आठवत नाही.

म्हणजे विचारलं आम्ही,
विसरलो आम्ही,
आणि तो दारोदार उत्तरं घेऊन फिरला
तर चोर तो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणायचं
तर इथे चोर नव्हताच मुळी.
साप म्हणून भुई धोपटली. भुईही आमचीच.

इनूराक, ज्यानं दोन वर्षांपूर्वी हे बसवलं,
तो आता इलुलिसाटला बोटी भाड्यानं देतो.
त्याला झोपेतून उठवलं.
"दहाच का रे?"
बराच वेळ नुसता वारा, त्याच्याकडचाही.
"कारण छोटा आकडा कडक दिसतो," तो म्हणाला.

कडी काढली.
दवाखाना हळूहळू माणसं ओळखू लागला.
आता सोपं होतं : त्या पत्त्याला
कायमचं मोकळं सोडायचं, घरचा म्हणून.
हात तिथवर गेलाही.
पण पत्त्याचं सोंग कुणीही आणू शकतं.
माझ्या भावाचा कोट घालून
कुणीही पायरीवर दोनदा बूट झटकेल.
म्हणून सूट दिली ती एवढीच :
उत्तर नेहमीच्या खिडकीतून निघालेलं हवं,
आणि तरीही नोंद राहील.
कडी आपोआप पडणार नाही, आधी मला उठवेल.
आणि स्मरण दहाचं पंचेचाळीस केलं.
फार नाही. एक सिगारेट पेटायला
या वाऱ्यात जेवढा वेळ लागतो, तेवढं.

नियमाशेजारी टिपणाला जागा असते, एका ओळीची.
तिथे तारीख घातली, "वादळ" लिहिलं
आणि इनूराकचं नाव लिहून खोडलं.

सहा वाजता आर्नान्ग्वाक कॉफी घेऊन खाली आली.
तिच्या लेकाला तिनं मे महिन्यात विचारलं होतं,
ओल्बोर्गहून कधी येतोस.
आज पहाटे, नावं परतली तशी,
फोनवर त्याचा निरोप टपकला. एकच शब्द.
तिनं तो दाखवला नाही मला.
"आता याला काय अर्थ," म्हणाली,
आणि फोन पालथा ठेवला टेबलावर.
मग थोड्या वेळानं सुलटा.

बाहेर कुणीतरी बूट झटकले.
एकदाच.
आम्ही दोघींनी दाराकडे पाहिलं.